न विचारणारा उमेदवार

ऑरिन टॉलेफसनला कॉफी पाजायची असेल तर हाताशी दहा मिनिटं मोकळी ठेवावी लागतात. पहिल्यांदा विचारलं की तो म्हणतो, "छे छे, आत्ताच घेऊन आलो." हे धादांत खोटं असतं. दुसऱ्यांदा विचारलं की म्हणतो, "माझ्यासाठी कशाला उगाच." तिसऱ्यांदा कप भरून त्याच्या नाकासमोर धरला की जमिनीकडे बघत म्हणतो, "बरं, केलेलीच असेल तर अर्धा कप." मग तो सावकाश तीन कप पितो. विस्कॉन्सिनच्या आमच्या कोपऱ्यात, स्कोगेन गावात, बहुतेक माणसं थोडीफार याच वळणाची. पण टॉलेफसनांच्या घरात ही गोष्ट फार वरच्या थराला गेलेली. ऑरिनचा बाप गोठलेल्या तळ्यात बर्फ फुटून गळ्यापर्यंत बुडाला, तेव्हा काठावरच्या माणसाला म्हणाला होता, "तुम्ही कामात नसाल तर जरा हात द्या." हे मला त्या काठावरच्या माणसानंच केस कापून घेताना सांगितलं. चाळीस वर्षं मी या गावात न्हावी होतो. माझ्याकडे जे काही आहे ते खुर्चीत बसलेल्या माणसांनी दिलेलं आहे. मी फक्त कडेनं जरा नीटनेटकं करतो.

ऑरिन दुधाचा टँकर चालवायचा. चौतीस वर्षं रोज पहाटे उठून, गोठ्यागोठ्यावरून दूध गोळा करून चीजच्या कारखान्यात पोचवायचं. उंच, किंचित वाकलेला, कान मोठे. लग्न झालं नाही. म्हणजे होऊ शकलं असतं. लव्हॉन श्यूट नावाच्या मुलीला तो दर शुक्रवारी तळलेले मासे खायला न्यायचा. अकरा वर्षं. अकराव्या वर्षी लव्हॉननं गावातल्या अंत्यविधीवाल्याशी लग्न केलं, आणि त्या लग्नात खुर्च्या मांडायला ऑरिन सकाळी सातपासून हजर होता. पुढे एकदा मी त्याच्या मानेवर वस्तरा फिरवत विचारलं, "काय रे, तिला विचारलं का नाहीस?" तर म्हणाला, "तिला हवं असतं तर ती म्हणाली असती." आणि लव्हॉन? ती माझ्या बायकोला म्हणाली होती, "विचारलं असतं तर लगेच हो म्हटलं असतं." या दोन वाक्यांच्या मध्ये बिचाऱ्यांची अकरा वर्षं मासे खाण्यात गेली.

एवढं सांगायचं कारण, हाच माणूस एके दिवशी आमच्या मंडळात यायला निघाला.

आम्ही विक्का या निसर्गपूजक पंथाची माणसं. अशा मंडळाला कव्हन म्हणतात. गाव आम्हाला पाठीमागे चेटकिणी म्हणतं आणि तोंडावर 'रविवारची मंडळी' म्हणतं. नऊ जण आहोत, सरासरी वय अडुसष्ट. पौर्णिमा कोणत्याही वारी असो, आम्ही जवळच्या रविवारी दुपारी तीनला जमतो, कारण आमच्यातल्या चौघांना अंधारात गाडी चालवायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. चंद्र तेव्हा दिसत नाही, पण तो कुठेतरी असतो एवढा आमचा विश्वास आहे.

मंडळाची मुख्य पुजारीण रोझाल्बा फुसारो. ही मूळची न्यू जर्सीची. चोविसाव्या वर्षी लग्न करून इथे आली, तीस वर्षं शाळेची बस चालवली, नवरा गेला, आणि आता चौऱ्याहत्तराव्या वर्षीही ती बोलते तेव्हा मागच्या बाकावरच्या पोराला ऐकू जावं अशाच आवाजात बोलते. पन्नास वर्षं स्कोगेनमध्ये काढून तिला स्कोगेनचा एक गुण लागलेला नाही. कुणाच्या घरी गेली की दारातच विचारते, "केक आहे का?" असला तर खाते. नसला तर, "मग आधी सांगायचं ना," म्हणते. आमच्या बायका पहिली दहा वर्षं तिला घाबरून होत्या.

नव्या माणसाला मंडळाची ओळख करून द्यायचं काम तिचंच. त्याची तिची ठरलेली रीत होती. पहिली भेट नेहमी मार्जच्या हॉटेलात, सकाळी दहाला, खिडकीशेजारच्या टेबलावर. "कुणालाही पहिल्याच दिवशी घरी बोलवायचं नाही," ती म्हणायची. "त्यानं आम्हाला उजेडात बघावं, आम्ही त्याला उजेडात बघावं, आणि मार्जनं दोघांना बघावं." तिथे ती प्रश्न विचारायची. पहिला, भांडी घासता येतात का. दुसरा, कुणाचं वाईट करायचं आहे का. या दुसऱ्या प्रश्नावर निम्मे उमेदवार गळायचे. एका बाईला तिच्या साहेबाचे केस गळून पडायला हवे होते. रोझाल्बानं तिला माझ्याकडे पाठवलं. पुरुष उमेदवार बहुतेक वेळा मेन्यूकार्ड तोंडासमोर धरून हळूच विचारायचे, "कपडे काढावे लागतात म्हणे?" त्यावर रोझाल्बा सगळ्या हॉटेलाला ऐकू जाईल असं विचारायची, "स्कोगेनच्या जानेवारीत?"

यातून जो टिकेल त्यानं एक वर्ष आणि एक दिवस आमच्याबरोबर काढायचा. रिंगण आखण्याआधी जागा झाडायची, मीठ आणि पाणी भरून ठेवायचं, चार दिशांना कसं बोलवायचं ते शिकायचं, वहीत सगळं हातानं उतरवून घ्यायचं, कोण कोण येतं ते बाहेर बोलायचं नाही, आणि जेवणानंतर भांडी. स्वतःसाठी नवं नावही निवडायचं. तेवीस वर्षांत आमच्याकडे 'डोमकावळा' नाव घेणारे चार जण येऊन गेले. चौघांनाही आपण पहिलेच असं वाटत होतं. चौघेही भांड्यांपाशी गळाले.

ऑरिनची पहिली भेट दोन फेब्रुवारीला झाली. ती मला तिघांनी वेगवेगळी सांगितली, त्यामुळे ती मी पाहिल्यासारखीच आहे.

"भांडी घासता येतात?" रोझाल्बानं विचारलं.

"येतात. म्हणजे, बरी येतात."

"कुणाचं वाईट करायचंय?"

ऑरिननं प्रामाणिकपणे विचार केला. "नाही. शेजाऱ्याचा कुत्रा टँकरमागे धावतो. पण तसा तो बरा आहे."

"मग आमच्याकडे काय काम काढलंस?"

"चौतीस वर्षं रोज पहाटे चंद्र दिसतो," ऑरिन म्हणाला. "शेतावर पोचलो की गोठ्यावर असतो, निघालो की रस्त्यावर असतो. एवढी वर्षं बघतोय, तर एकदा नीट ओळख करून घ्यावी म्हटलं. तुम्ही ओळखता असं ऐकलं."

रोझाल्बा पुढे मला म्हणाली, "व्हर्जिल, तेवीस वर्षांत इतकं बरं उत्तर मी ऐकलं नव्हतं." पण त्या वेळी तिनं सफरचंदाचा केक मागवला आणि विचारलं, "तुला हवा?"

"नको, नको," ऑरिन म्हणाला.

"बरं," म्हणून तिनं एकटीनं खाल्ला.

मार्ज हे आजही सांगते आणि सांगताना गल्ल्यावर हात टेकते. "एकदाच विचारलं तिनं. माणूस समोर बसलाय, आणि एकदाच."

केक संपल्यावर रोझाल्बानं नियम सांगितला, तो शब्दशः असा: "वर्ष आणि एक दिवस झाला की दीक्षा हवी असेल तर तू विचारायचं. तू. आम्ही बोलावणार नाही, आठवण करणार नाही, खुणावणार नाही. तू विचारलंस की आम्ही नऊ जण बसू. एक जरी नाही म्हणाला तरी नाही, आणि का ते सांगायचं नाही. कळलं?"

"कळलं," ऑरिन म्हणाला.

असा उमेदवार आम्ही पाहिला नव्हता. रविवारी अडीचला हजर. झाडू असा मारायचा की फरशीनं लाजावं. भांडी घासून, पुसून, कपाटात मोठ्यापासून लहानापर्यंत लावायचा. एकच अडचण यायची, ती दिशांना बोलावताना. त्याच्याकडे पश्चिम दिली होती. तिथे उभं राहून ठणकावून म्हणायचं असतं की पश्चिमेच्या जलदेवतांनो, या आणि आमच्या रिंगणाचं रक्षण करा. ऑरिन टोपी काढून म्हणायचा, "पश्चिमेच्या देवतांनो, येता आलं तर या. कामात असाल तर राहू द्या."

"ऑरिन," रोझाल्बा डोळे मिटून म्हणायची, "देवतांना पर्याय द्यायचा नसतो."

"बरं," म्हणून तो पुन्हा बोलवायचा. "या. घाई नाही."

आणि खरं सांगतो, त्याच्या पश्चिमेकडून जे काही यायचं ते इतर तीन दिशांपेक्षा जास्त यायचं. बर्नाडीन, जी रोझाल्बाच्या हाताखाली शिकतेय, तिनं हे उघड बोलून दाखवलं होतं. नव्या नावाचं विचारलं तर तो म्हणाला, "कुणी टाकलेलं एखादं असेल तर चालेल."

तर वर्ष झालं, आणि वर एक दिवस झाला. तीन फेब्रुवारी. आम्ही सगळे वाट बघत होतो. रविवार आला, ऑरिन आला, झाडलं, पश्चिमेला विनवलं, भांडी घासली, टोपी घातली, गेला. मार्च गेला. मे गेला. विचारायचं नाव नाही.

याच सुमारास रोझाल्बानं घर विकलं. मुलगी अॅरिझोनात, गुडघे बर्फाला कंटाळलेले. जूनच्या शेवटी निघायचं ठरलं. आता आमच्यात रीत अशी की पुरुषाला दीक्षा बाईनं द्यायची, आणि तो अधिकार असलेली बाई आमच्यात एकटी रोझाल्बा. बर्नाडीनला अजून तीन वर्षं तरी लागणार होती. म्हणजे ऑरिननं जूनच्या आत तोंड उघडलं नाही, तर त्याचं दार तीन वर्षं बंद. आणि तीन वर्षांनी मागेल तो ऑरिन कसला.

रोझाल्बाची झोप उडाली होती. एका दुपारी ती माझ्या गॅरेजमध्ये आली. दुकान बंद केल्यावर खुर्ची मी तिथे आणून ठेवली आहे. केस कापायचे नव्हते तरी ती खुर्चीत बसली.

"त्याला नकोच आहे का रे?"

"तूच विचार ना त्याला."

"मी विचारणार नाही. मी ओढून आणलं तर आयुष्यभर म्हणेल, हिनं आणलं. स्वतःच्या पायानं यायला हवं." मग आरशात माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तूसुद्धा काही बोलायचं नाहीस. तुझ्या पोटात काही राहत नाही, पण हे राहायला हवं."

मी शपथ घेतली. शपथेनं मला फार त्रास झाला. पुढचे दोन आठवडे ऑरिन दिसला की मी जीभ दातात धरून उभा राहायचो. त्यानं एकदा दात दुखतो का म्हणून विचारलं.

आता मर्ना येते. मर्ना ही ऑरिनची थोरली बहीण, लूथरन चर्चची खंदी बाई. भाऊ चेटकिणींत जातो याचं तिला फारसं काही नाही. "भांडी तरी घासतो," म्हणते. जूनच्या पहिल्या शनिवारी चर्चच्या तळघरात जुन्या वस्तूंचा बाजार होता. मी काही घ्यायला जात नाही, ऐकायला जातो. मर्ना कपबशांच्या टेबलामागे होती.

"व्हर्जिल," ती म्हणाली, "तुम्हा लोकांना एक विचारू? ऑरिननं तुमचं काय घोडं मारलंय?"

"का?"

"नाही म्हणायचं तर म्हणा, तुमचा हक्क आहे. पण तीन-तीनदा? आमच्या घरात कुणी दुसऱ्यांदा विचारलं तर आई उठून बाहेर जायची, इतकं लाजिरवाणं. आणि हा तीनदा विचारून आला. तीनदा तुम्ही त्याला परत पाठवलंत. आणि तरी दर पौर्णिमेला तुमच्या थाळ्या घासतोय."

मी म्हटलं, "मर्ना, त्यानं कधीच विचारलं नाही."

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चर्चमध्ये काही सांडलंय. मग एकेक बोट मुडपत सांगायला लागली.

पहिलं, तीन फेब्रुवारी. बर्फाचं वादळ, शाळा बंद. ऑरिन गावाबाहेरच्या आपल्या घरून बावीस मैल गाडी चालवत रोझाल्बाच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "इकडूनच चाललो होतो. काही लागलं तर सांगा." रोझाल्बा म्हणाली, "काही नको रे बाबा, सगळं आहे, घरी जा." हे रोझाल्बानं मला तेव्हाच सांगितलं होतं. किती भला माणूस, मीठ-अंडी विचारायला आला, म्हणून.

दुसरं, मार्चमध्ये, दिवस-रात्र सारखे होतात त्या रविवारी. सगळे निघाल्यावर ऑरिन एकच बशी दहा मिनिटं पुसत होता. मग लॉवेलला म्हणाला, "पुढे एखादं माणूस कमी पडत असेल तर बघा." लॉवेल प्रुसाक, निवृत्त भूमितीचा मास्तर, आमच्या नियमांची वही सांभाळणारा. त्यानं डोकी मोजली आणि म्हणाला, "नाही, पुरेसे आहोत."

आणि तिसरं. तिसऱ्या बोटावर मर्ना माझ्याकडेच बघत होती. मेच्या एक तारखेला ऑरिन माझ्या खुर्चीत होता. कानामागे कात्री चालू असताना म्हणाला, "तुम्ही नऊ जण. दहा हा आकडाही वाईट नाही, नाही का?" आणि मी, गावातला सगळ्यात तल्लख माणूस, हसून म्हणालो होतो, "नऊच बरे. दहाव्याला खुर्ची कुठून आणायची?"

"त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही तो," मर्ना म्हणाली. "त्यानं फारच उघडउघड विचारलं असं त्याला वाटत होतं. लाजेनं कान लाल झाले होते."

कान लाल झालेले मी पाहिले होते. मला वाटलं कात्री लागली.

शपथ ऑरिनशी न बोलण्याची होती. रोझाल्बाशी न बोलण्याची नव्हती. पंधरा मिनिटांत मी तिच्या स्वयंपाकघरात होतो. तिनं ऐकलं, हातातला खोका खाली ठेवला आणि त्याच्यावरच बसली.

"मीठ-अंडी," ती म्हणाली. रोझाल्बा गप्प बसली की फ्रिजचा आवाज ऐकू येतो, हे मला त्या दिवशी कळलं. "चार महिने तो माणूस समजतोय की आम्ही त्याला नाही म्हणालो. आणि तरी येतोय."

संध्याकाळी सगळे जमले, ऑरिन सोडून. रोझाल्बाचं म्हणणं, त्यानं विचारलं, तीनदा विचारलं, संपलं. लॉवेलनं वही उघडली.

"नियम आहे, स्वतःच्या तोंडानं आणि स्पष्ट शब्दांत. 'काही लागलं तर सांगा' हे स्पष्ट नाही."

"टॉलेफसनसाठी ते गर्जना केल्यासारखं आहे," बर्नाडीन म्हणाली.

"वहीत टॉलेफसनांसाठी वेगळं पान नाही."

"मग मी जाऊन सांगते त्याला, की बाबा, नीट विचार," रोझाल्बा म्हणाली.

"ते आमंत्रण झालं."

"लॉवेल, तुझ्या वर्गातली पोरं बसमध्ये तुझ्याबद्दल काय बोलायची ते मी तीस वर्षं कुणाला सांगितलं नाही. आज सांगेन."

लॉवेलनं चष्मा पुसला. माणूस वाईट नाही, फक्त सगळ्याला कोन असतात असं त्याला वाटतं. मग म्हणाला, "तू 'नको' म्हणाली होतीस. आपलं 'नको' आपण परत घेऊ शकतो. त्याला वहीत बंदी नाही. पण तेवढंच. त्यापुढे एक शब्द नाही. आणि साक्षीदार हवा. व्हर्जिल जाईल, पण तोंड उघडणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ऑरिनकडे गेलो. आयुष्यात इतका कठीण तास मी काढलेला नाही. तो ओसरीवर बूट पुसत होता. आम्हाला बघून उठला.

"ऑरिन," रोझाल्बा म्हणाली, "तीन फेब्रुवारीला तू माझ्याकडे आला होतास."

"वाटेवरच होतं."

"वाटेवर नव्हतं. काही लागलं तर सांगा म्हणालास, मी नको म्हणाले. तू काय म्हणत होतास ते मला कळलं नव्हतं. लॉवेललाही कळलं नव्हतं, आणि या शहाण्यालाही नाही." इथे तिनं अंगठ्यानं मला दाखवलं. "तर आमचं ते 'नको' आम्ही परत घेतोय. एवढंच सांगायला आले."

ऑरिनचे कान पेटले. तो बुटाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "त्यात काय एवढं." आणि मग, कारण दुसरं काय बोलावं ते कुठल्याच टॉलेफसनला सुचलं नसतं, "कॉफी घेणार?"

रोझाल्बाला कॉफी हवी होती. ती सकाळपासून प्याली नव्हती, येताना गाडीत दोनदा बोलून दाखवलं होतं. तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाली, "छे छे. आत्ताच घेऊन आले."

मी खुर्चीचा हात धरला.

ऑरिननं मान वर केली. "थोडी तरी."

"माझ्यासाठी कशाला उगाच," रोझाल्बा म्हणाली. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. वाक्य तिच्या तोंडात नव्या कवळीसारखं हलत होतं.

ऑरिन आत गेला आणि कप भरून घेऊन आला. तिच्यासमोर धरला.

"बरं," ती जमिनीकडे बघत म्हणाली, "केलेलीच असेल तर अर्धा कप."

ऑरिन तिच्यासमोर बसला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी चाळीस वर्षांत आरशात कधी पाहिलं नव्हतं. ती तीन कप प्यायली. मला कुणी विचारलं नाही.

मग आम्ही उठलो. आमच्याकडे निरोप घ्यायला पाऊण तास लागतो हे सगळ्यांना माहीत आहे. रोझाल्बा एरवी "चलते" म्हणते आणि वाक्य संपायच्या आत गाडीत असते. त्या दिवशी ती ओसरीवर उभी राहिली आणि मका यंदा किती वर आलाय यावर बोलली. पायऱ्यांवर थांबून रस्तादुरुस्तीवर बोलली. गाडीच्या दारापाशी मर्नाच्या कंबरेची चौकशी केली. आत बसली, काच खाली केली, किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. ऑरिननं टपावर हात ठेवला. आमच्या भागात जे काही महत्त्वाचं बोलायचं ते इथेच, सुरू गाडीच्या खिडकीत, बोललं जातं.

"रोझाल्बा," तो म्हणाला. आजवर तो तिला फुसारोबाई म्हणायचा.

"हं."

"मला दीक्षा द्याल का?"

रेडिओ मी हळूच बंद केला. एका शेतापलीकडे कुणाची तरी गाय हंबरली.

"म्हणजे," ऑरिन घाईनं म्हणाला, "निघायच्या गडबडीत जमलं तर. नाही जमलं तरी चालेल."

"नऊ जणांना विचारून सांगते," रोझाल्बा म्हणाली आणि गाडी काढली. पहिल्या वळणावर तिनं ती थांबवली आणि रिकाम्या शेताकडे बघत हॉर्नवर हात दाबून धरला. उशिरा येणाऱ्या पोरासाठी शाळेची बस वाजवते तेवढा वेळ. मग म्हणाली, "रुमाल दे." मागितला तसा दिला.

संध्याकाळी पुन्हा बैठक. मी साक्ष दिली, दोन्ही वाक्यं, जशीच्या तशी. इथे मी एका शब्दाचीही भर घातली नाही, आणि ते मला किती जड गेलं ते मलाच माहीत. लॉवेलनं ती वहीत उतरवली आणि पेन्सिलीनं मध्ये एक रेघ मारली.

"पहिलं वाक्य विचारतं," तो म्हणाला. "दुसरं ते मागे घेतं."

"लॉवेल," बर्नाडीन म्हणाली, "अकरा वर्षं मासे खाताना त्या माणसाच्या तोंडून लव्हॉनसमोर पहिलं वाक्यसुद्धा निघालं नव्हतं."

लॉवेलनं रेघेकडे बघितलं. मग खोडरबर काढलं, रेघेखालचं वाक्य खोडलं, वर फुंकर मारली. "माझं हो आहे," म्हणाला. उरलेल्या आठांना वेळच लागला नाही.

दीक्षा झाली ती चोवीस जूनच्या सुमाराच्या रविवारी, दुपारी तीनला, पडदे ओढून. आत काय झालं ते मी सांगणार नाही. ही एकच गोष्ट आहे जी मी कुणाला सांगत नाही, तेव्हा मला छळू नका. एवढं सांगतो की रोझाल्बाचा आवाज पहिल्यांदाच मागच्या बाकापर्यंत पोचला नाही, आणि नवं नाव त्यानं घेतलं ते कुणी टाकलेलं नव्हतं.

नंतर जेवण झालं. मर्नानं रूबार्बच्या आंबट देठांच्या गोड वड्या पाठवल्या होत्या, ताट भरून. आता आमच्या गावात कुठल्याही ताटातला शेवटचा तुकडा कुणी घेत नाही. कुणीतरी त्याचा अर्धा कापतो, मग कुणीतरी त्या अर्ध्याचा अर्धा, असं करत करत शेवटी जे उरतं ते मुंगीलाही पुरत नाही, आणि ते झाकून ठेवलं जातं. त्या दिवशीही एक वडी उरली. बर्नाडीननं सुरी उचलली. लॉवेल कुठून कापावं ते बघत होता.

"ती मी घेऊ का?" ऑरिन म्हणाला.

सगळे थांबले. बर्नाडीनच्या हातातली सुरी तशीच राहिली. रोझाल्बानं ताट उचललं आणि त्याच्याकडे सरकवलं. ऑरिननं वडी घेतली, अख्खी, आणि खाल्ली. मग उठून भांडी घासायला गेला. "बस रे, आज तरी नको," आम्ही सगळे म्हणालो, तीनदा म्हणालो, पण ते त्यानं ऐकलं नाही.

रोझाल्बा मंगळवारी गेली. आता मार्जच्या हॉटेलात नव्या माणसांना ऑरिन भेटतो. भांड्यांचं विचारतो, कुणाचं वाईट करायचं आहे का ते विचारतो, आणि केक तीनदा विचारतो. मार्ज खूश आहे. राहता राहिली लव्हॉन. तर तिचा नवरा ठणठणीत आहे, गेल्या आठवड्यातच केस कापून गेला, तेव्हा त्या बाजूनं कुणी उगाच आशा धरू नये.